शिमग्याचा महामार्ग, दुपारचा उपग्रह: प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४, चिपळूण

तृतीय वर्ष भौतिकशास्त्राच्या चार मुलांना घेऊन प्रकल्प आजपासून सुरू. मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाहनांचा धूर उपग्रहाला दिसतो का, आणि दिसत असेल तर किती, एवढंच शोधायचं आहे. हा प्रश्न गणपतीतला. आमच्यातल्या एका मुलीचं घर महामार्गाला लागून आहे. ती म्हणाली, "सर, चतुर्थीच्या आधी चार रात्री आमच्याकडे खिडकी उघडायची सोय नसते. गाड्या हलतच नाहीत. आजी रात्रभर खोकते." घराजवळ हवा मोजणारं सरकारी केंद्र नाही. मग वरून काही कळतंय का ते बघू, असं ठरलं.

उपग्रह सेंटिनेल-५पी. १३ ऑक्टोबर २०१७ ला सोडलेला, ८२४ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश रंगारंगांत फोडून मोजतं. नायट्रोजन डायऑक्साइड ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात प्रकाश शोषतो. किती शोषला यावरून हवेच्या उभ्या स्तंभात तो वायू किती आहे ते काढतात.

हाच वायू का, असं मुलांनी विचारलं. इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात ती मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडच्या रूपात. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की काही मिनिटांत त्याचा डायऑक्साइड होतो आणि दिवसा उन्हात तो थोड्या तासांत संपून जातो. त्यामुळे तो जिथे दिसतो तिथून त्याचा उगम फार लांब नसतो. धुळीचं तसं नाही, ती अरबस्तानातूनसुद्धा येते.

१२ डिसेंबर

२०१८ पासूनचे सगळे गणपती उघडून पाहिले. चतुर्थीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून दरवर्षी दहा दिवस. जवळजवळ सगळे रिकामे. भाद्रपदात कोकणावर ढगांचं छप्पर असतं आणि उपग्रहाला ढगाखालची हवा दिसत नाही. माहितीत प्रत्येक वाचनाला शून्य ते एक असा दर्जाचा आकडा दिलेला असतो. ०.७५ च्या वरचं तेवढंच घ्यायचं असा नियम आहे. तो लावला की हाती काही उरत नाही.

मुलं हिरमुसली. मग एकाने विचारलं, "सर, शिमग्याला पण चाकरमानी येतातच की." बरोबर आहे. फाल्गुनात आकाश निरभ्र असतं, आणि गणपतीएवढी नसली तरी गर्दी खरीच होते. २०२५ ची होळी १३ मार्चला. तयारीला तीन महिने आहेत.

२० डिसेंबर

आज एक चूक वेळेत सापडली, ती सविस्तर लिहून ठेवतो.

मुलांनी गूगल अर्थ इंजिनवरून, म्हणजे उपग्रहांची माहिती तयार नकाशांत देणाऱ्या सेवेवरून, वर्षाची सरासरी काढली. पडद्यावर सुंदर नकाशा आला, चौकोन साधारण एक किलोमीटरचे. एकजण म्हणाला, "बहादूरशेख नाका वेगळा काढता येईल." येणार नाही. तिथली माहिती ०.०१ अंशाच्या जाळ्यात ओतलेली आहे, पण मूळ वाचनाचा ठसा, म्हणजे एका वाचनात येणारा जमिनीचा तुकडा, उपग्रहाच्या बरोबर खाली ५.५ गुणिले ३.५ किलोमीटर असतो. ६ ऑगस्ट २०१९ च्या आधी तो ७ गुणिले ३.५ होता. उपग्रह एका फेरीत पाहतो त्या पट्ट्याच्या कडेला तर तो आणखी रुंद होतो. अख्खं चिपळूण शहर, वाशिष्ठीचं पात्र, आजूबाजूचे डोंगर, सगळं मिळून एक-दोन ठशांत मावतं. महामार्ग रुंदीने पन्नास मीटरही नाही. जाळं बारीक केलं म्हणून माहिती बारीक होत नाही.

ठसा रोज थोडा सरकतो, त्यामुळे पुष्कळ दिवसांची वाचनं एकावर एक ठेवली तर चित्र जरा स्पष्ट होतं. त्याला महिने लागतात. शिमगा आठवड्याभराचा.

आता मूळ फायली कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून उतरवतोय. कॉलेजचं इंटरनेट रात्री बरं चालतं, म्हणून दोघं रात्री थांबतात.

६ जानेवारी २०२५

आणखी एक खड्डा. २०१९ आणि २०२१ ची सरळ तुलना केली तर हवा बिघडलेली दिसते. खरं कारण निराळं: २०२० च्या अखेरीस गणिताची आवृत्ती बदलली, ढगांच्या उंचीचा हिशोब सुधारला, आणि प्रदूषित भागांतले आकडे वर सरकले. जुनी सगळी वर्षं नव्या पद्धतीने पुन्हा काढलेली फाइल-मालिका उपलब्ध आहे. तीच वापरायची, सरमिसळ करायची नाही. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घेतलं.

वर्षं जोडताना जमिनीवर काय बदललं तेही शेजारी लिहिलं. १ एप्रिल २०२० पासून नवी वाहनं भारत स्टेज ६ ची, म्हणजे धुरावर आधीपेक्षा कडक मर्यादा असलेली. २०२२ साली कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, म्हणजे मार्गावरचा डिझेल इंजिनांचा धूर खूप घटला.

१८ जानेवारी

सगळ्यात मोठी अडचण आज कळली आणि ती सुटणारी नाही.

हा उपग्रह रोज स्थानिक सौर वेळेने दुपारी दीडच्या सुमारास येतो. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, कोकण ७३.५ च्या आसपास, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा ३६ मिनिटं मागे. घड्याळात उपग्रह दोनच्या आगेमागे डोक्यावर येतो. चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईहून निघतात रात्री नऊ-दहाला. माणगाव मध्यरात्रीनंतर, चिपळूण पहाटे, रत्नागिरी उजाडताना. म्हणजे धूर रात्रीचा आणि फोटो दुपारचा.

मधल्या वेळात काय होतं? सूर्य वर आला की ऊन नायट्रोजन डायऑक्साइड फोडायला लागतं आणि दुपारपर्यंत रात्रीचा बराचसा साठा संपतो. जो उरतो तो जागेवर राहत नाही. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा खारे वारे समुद्राकडून आत. दोन वाजता खारा वारा वाशिष्ठीच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाटाकडे चढत असतो. महामार्गावर सोडलेलं त्या वेळी महामार्गाच्या पूर्वेला शोधायला हवं, पोफळी गावाच्या अंगाला.

वाऱ्याची माहिती ईआरए-५ या पुनर्विश्लेषणातून घेतली, म्हणजे हवामानाच्या नोंदी आणि संगणकी गणित जोडून बनवलेल्या माहितीतून. तिचा चौकोन पाव अंशाचा, साधारण २७-२८ किलोमीटर. खाडीतून आत शिरणारा वारा एवढ्या मोठ्या चौकोनात नीट उमटत नाही, पण दिशा बऱ्यापैकी जुळते. गच्चीवर कापडी पट्टी बांधून पंधरा दिवस दुपारी दोनची दिशा टिपली. दोन दिवस सोडले तर सगळे पश्चिम किंवा वायव्य.

१ फेब्रुवारी

शिमगा दिसेल की नाही, याची परीक्षा शिमग्याआधीच घेता येते हे महामार्गालगत राहणाऱ्या त्या मुलीच्या लक्षात आलं. मला फार समाधान वाटलं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. एप्रिल २०२० मध्ये महामार्ग ओस होता आणि आकाश स्वच्छ. एप्रिल २०१९ शी तुलना केली, तर वाहतूक जवळजवळ पूर्ण बंद झाल्याचा जास्तीत जास्त फरक हाती येईल. तो दिसत नसेल, तर शिमग्याच्या थोड्या वाढीची आशा धरण्यात अर्थ नाही.

तीन दिवस त्यावर गेले. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल इथली घट डोळ्यांत भरते, पेणपर्यंत ती ओळखू येते. त्यात कारखाने आणि विजेची घटलेली मागणीही आहे, सगळी वाहनं नव्हेत. महाडच्या खाली उतरलं की फरक रोजच्या चढउतारात बुडतो. संगमेश्वर, लांजा, राजापूर इथे तर भरलेला रस्ता आणि मोकळा रस्ता यांत भेद सांगता येत नाही.

कारण आकड्यांतच आहे. स्वच्छ जागी या वायूचा स्तंभ चौरस मीटरला साधारण १० ते १५ मायक्रोमोल असतो आणि एका वाचनाची अनिश्चितताही त्याच घरात. दहा दिवसांची सरासरी घेतली तर यादृच्छिक चूक तिपटीने कमी होते. पद्धतशीर चूक मात्र सरासरीने हटत नाही. वायू जमिनीलगत किती आणि वर किती, हे उपकरण मोजत नाही. ते जागतिक प्रतिमानातून, म्हणजे हवेच्या संगणकी नमुन्यातून, धरलं जातं आणि त्याचा चौकोन एक अंशाचा, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. समुद्र, खाडी, सडा म्हणजे कातळाचं पठार, सह्याद्री आणि घाटमाथ्यापलीकडचं देशावरचं रान, सगळ्यांना एकच सरासरी. रस्त्यालगत कोंडलेला धूर यामुळे कमीच मोजला जातो.

म्हणून प्रकल्पाची दिशा आज बदलली. उपग्रह राहील, पण जमिनीवर मोजल्याशिवाय आम्ही काही बोलायचं नाही.

८ फेब्रुवारी

पामेस नळ्या तयार केल्या. ऍक्रिलिकची नळी, ७.१ सेंटिमीटर लांब, तोंडाचा आतला व्यास १.१ सेंटिमीटर. वरच्या बंद टोकात ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली स्टीलची जाळी. खालचं तोंड उघडं. हवा आपोआप आत पसरते, नायट्रोजन डायऑक्साइड जाळीवर धरला जातो. वीज लागत नाही, पंप लागत नाही. एडवर्ड पामेस यांनी १९७६ साली ही पद्धत मांडली आणि आजही जगभर रस्त्याकडेची हवा अशी मोजतात. अचूकता सव्वाशे-पाऊणशेची, म्हणजे शंभराच्या जागी २५ इकडे किंवा तिकडे. आम्हाला तुलना करायची आहे, त्याला एवढी पुरते.

प्रत्येक जागी तीन नळ्या, शिवाय झाकण न काढलेल्या कोऱ्या नळ्या. प्रयोगशाळेतल्या काकांनी त्यांच्यासाठी फ्रिजचा एक कप्पा मोकळा करून दिला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. चार जागी नळ्या लावल्या: माणगावची बाजारपेठ, बहादूरशेख नाका, हातखंबा तिठा, आणि तुलनेसाठी गुहागरजवळची एक नारळी-पोफळीची वाडी, जिथे मोठा रस्ता जवळ नाही. उंची अडीच ते तीन मीटर. मुदत तीन पंधरवड्यांची: आजपासून ५ मार्च, ५ ते १९ मार्च, १९ मार्च ते २ एप्रिल. मधल्या पंधरवड्यात शिमगा.

हातखंब्याला चहाच्या टपरीवरच्या मावशींनी शिडी धरली. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मोजून कमी होणार काय हा धूर?" मी म्हटलं, मोजलं नाही तर तो आहे हे कोणी मान्यच करणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत त्या तिठ्यावर उभ्या असतात. घरी येईपर्यंत त्यांचं बोलणं माझ्या मनातून गेलं नाही.

५ मार्च

नळ्या बदलल्या. काल फाक पंचमी झाली, पालख्यांची लगबग सुरू आहे. माणगावच्या तीनही शाबूत.

१३ मार्च, पहाट

काल संध्याकाळी सहापासून नाक्यावर. दर तासाला दहा मिनिटं मोजणी, चार रकाने: दुचाकी, मोटार, बस, ट्रक-कंटेनर. मुलं दोन-दोनच्या पाळीने. मध्यरात्रीपर्यंत नेहमीसारखंच. एकनंतर रांग लागायला लागली ती साडेपाचपर्यंत. खासगी बसच्या मागे बस, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. हवा पडलेली, पानसुद्धा हलत नव्हतं. थंड हवेचा थर जमिनीला धरून बसतो आणि धूर वर जात नाही, हे पुस्तकात शिकवत आलो. काल रात्री ते डोळ्यांना झोंबलं. एका मुलाला दम्याचा त्रास आहे हे मला अडीच वाजता कळलं, त्याला लगेच घरी पाठवलं. हे आधी विचारायला हवं होतं. पुढच्या प्रत्येक वेळी विचारायचं.

१३ मार्च, दुपार

दोन वाजता उपग्रह गेला असेल. त्या वेळी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. रस्ता मोकळा, खारा वारा छान सुटलेला, आकाश निळं. पहाटेची जागा हीच, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

१७ मार्च

शिमगा सगळीकडे एका दिवशी नसतो. काही गावांचे तेरसे शिमगे, काहींचे भद्रेचे. त्यामुळे गाड्यांचा लोंढा एका रात्रीत न येता चार-पाच रात्रींत पसरला. परतीची गर्दी काल रविवारी. होळीचे होमही लक्षात घ्यायचे, लाकूड जळतानाही हा वायू निघतो. आमच्या चारही जागांपासून गावचे होम लांब होते, विचारून खात्री केली.

४ एप्रिल

तिन्ही पंधरवड्यांच्या नळ्या काढल्या. जाळी पाण्यात धुवायची, रसायन घालायचं, नायट्राइट असेल तसा गुलाबी रंग चढतो आणि तो ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. वरून निळ्या प्रकाशात जो वायू शोधत होतो तोच इथे परीक्षानळीत गुलाबी झालेला.

मधल्या पंधरवड्याच्या हातखंबा आणि बहादूरशेख नाक्याच्या नळ्या यंत्रात घालायच्या आधीच वेगळ्या ओळखू आल्या. आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही पंधरवड्यांपेक्षा रंग गडद, तिन्ही नळ्या एकमेकींशी जुळत्या. वाडीतल्या नळ्या तिन्ही वेळा फिकट, जवळजवळ कोऱ्यासारख्या. माणगावच्या मधल्या फेरीतल्या दोन नळ्या गायब झाल्या होत्या. उरलेल्या एकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, ती जागा त्या फेरीपुरती सोडली. तिथे सर्वात जास्त कोंडी असते, याची चुटपुट आहे.

पंधरा दिवसांच्या सरासरीत चार रात्री विरघळून जातात, हे अहवालात ठळक लिहायचं. आपलं राष्ट्रीय मानक घनमीटरला २४ तासांसाठी ८० मायक्रोग्रॅम, वर्षासाठी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेले आकडे २५ आणि १०. आमच्या पंधरवड्याच्या आकड्याला यांतलं कुठलंच माप सरळ लावता येत नाही, आणि लावायचं नाही.

११ एप्रिल

उपग्रहाच्या मार्चच्या नकाशात खेड-दापोलीच्या बाजूला एक उंचवटा आला. मुलं आनंदली. मीही क्षणभर. मग तारखा पाहिल्या: महामार्गाशी संबंध नाही. हा भाजणीचा काळ. कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा पसरून भाताचे राब भाजतात. सड्यावरचं वाळलं गवत पेटतं ते वेगळं. उपग्रहावरून आगी टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस उपकरणाच्या ३७५ मीटरच्या आग-नोंदी मागवल्या, उंचवट्याखाली त्या गर्दीने होत्या. आगीच्या दहा किलोमीटर आतली वाचनं आता वगळतो. जयगडच्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाच्या आणि लोटे, महाड औद्योगिक वसाहतींच्या आसपासचा पट्टाही वेगळा ठेवला.

हे सगळं वगळल्यावर शिमग्याचा उपग्रहातला फरक उरतो तो अनिश्चिततेपेक्षा लहान. फेब्रुवारीतल्या परीक्षेने सांगितलं होतं तसंच.

३ मे

तालुक्याच्या एका बैठकीत दहा मिनिटं मिळाली. पडद्यावर पहिला नकाशा लावला आणि तिथेच चुकलो. रंगपट्टी मुंबई मावेल अशी होती. मुंबई लाल, कोकण सगळं निळंशार. एका ज्येष्ठ गृहस्थांनी समाधानाने म्हटलं, "म्हणजे आपली हवा उत्तमच आहे, उपग्रहच सांगतोय." पुढचे सगळे तक्ते त्या एका निळ्या रंगापुढे फिके पडले. नळ्यांबद्दल बोललो ते कोणाच्या डोक्यात राहिलं असं वाटत नाही.

ते गृहस्थ चुकले नाहीत. नकाशाने त्यांना तेच सांगितलं. उपग्रहाला "कमी आहे" आणि "मला कळत नाही" यांत फरक करता येत नाही, तो आम्ही करायचा असतो. आम्ही दोन्ही निळ्यानेच रंगवलं.

६ मे

नकाशे नव्याने काढले. जिथे आकडा त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेपेक्षा लहान आहे तिथे रंगच भरायचा नाही. राखाडी ठेवायचं आणि त्यावर अक्षरांत लिहायचं: मोजता आलं नाही. महाडच्या खाली जवळजवळ सगळं कोकण राखाडी झालं. त्या राखाडीत आमच्या तीन जागा ठळक ठिपक्यांनी दाखवल्या, नळीवरून मोजलेल्या. नकाशा आता देखणा नाही, पण त्यातल्या प्रत्येक खुणेची जबाबदारी मी घेऊ शकतो. उपग्रहाच्या वेळेचं एक छोटं घड्याळही कोपऱ्यात काढलं: दुपारी दोन.

२८ मे

पाऊस लवकर आला. २४ ला केरळात, २५ ला देवगडपर्यंत. मे महिन्याच्या सुट्टीची परतीची गर्दी बघायची होती, ती ढगाखाली गेली. उपग्रहाचं काम आता ऑक्टोबरपर्यंत बंद.

१७ ऑगस्ट

२७ ला चतुर्थी. नव्या नळ्या तयार आहेत. तिरका पाऊस तोंडात शिरू नये म्हणून बाटल्यांचे वरचे भाग कापून छत्र्या केल्या. मावशींच्या तिठ्यावर या वेळी सहा नळ्या. माणगावच्या एका दुकानदारांनी आपल्या फळीला बांधायची परवानगी दिली, म्हणजे त्या जागेवर राहतील.

संध्याकाळी महामार्गालगतच्या त्या मुलीच्या घरी गेलो. एक नळी खिडकीबाहेर लावली, एक आजींच्या खोलीत, पलंगाच्या उशाला. आजींनी विचारलं, "मग खिडकी उघडी ठेवू की बंद?" म्हटलं, दरवर्षी ठेवता तशीच ठेवा.